संगणकातील शालेय दप्तर : बिघाड, उपाय आणि जतन

(शिक्षकांसाठी झालेल्या व्याख्यानाचा मजकूर)



प्रत्येक शाळेच्या कार्यालयात एक जुने कपाट असते आणि त्या कपाटात जाड पुठ्ठ्याची एक मोठी नोंदवही असते. तिला जनरल रजिस्टर म्हणतात. विद्यार्थ्याचे संपूर्ण नाव, जन्मतारीख, जन्मस्थळ, जात, शाळेत प्रवेश केल्याचा आणि शाळा सोडल्याचा दिनांक या साऱ्या नोंदी तीत असतात. चाळीस वर्षांपूर्वी शाळा सोडून गेलेला गृहस्थ एखाद्या दिवशी दाखल्याच्या दुसऱ्या प्रतीसाठी येतो. लिपिक ते रजिस्टर काढतो, धूळ झटकतो आणि थोड्याच वेळात नोंद सापडते. जात पडताळणीच्या प्रकरणात तर आजोबांच्या शाळेतील एका ओळीवर नातवाचा प्रवेश अवलंबून असतो. कागद पिवळा पडलेला असतो, शाई फिकट झालेली असते, पण नोंद वाचता येते.

त्याच शाळेत तीन वर्षांपूर्वीचे निकालपत्रक मागितले, तर पुष्कळदा निराळेच उत्तर मिळते. ‘ते जुन्या कॉम्प्युटरमध्ये होते, तो बिघडला, मग फॉरमॅट मारला.’ चाळीस वर्षांचा कागद टिकतो आणि तीन वर्षांची फाईल टिकत नाही, ही वस्तुस्थिती आहे. यात दोष यंत्राचा थोडा आणि सवयीचा अधिक आहे. वहीबाबतच्या सवयी शाळांना शंभर वर्षांच्या अनुभवाने लागल्या. संगणकाबाबतच्या सवयी अद्याप लागावयाच्या आहेत.

प्रथम बिघाडाचा विचार करू. एप्रिलअखेरचे दिवस आहेत, निकालपत्रके पूर्ण होत आली आहेत आणि सकाळी संगणक सुरू होत नाही, असे समजा. दुरुस्ती करणाऱ्यास बोलावले जाते. तो दोन-चार कळा दाबून सांगतो, ‘विंडोज उडाले आहे, फॉरमॅट मारावे लागेल.’ शिक्षिका घाईत मान डोलावते. शाळेची माहिती नष्ट होण्याचे सर्वांत मोठे कारण शोधावयाचे झाल्यास ते बहुधा या मान डोलावण्यात सापडेल. हार्ड डिस्क स्वतःहून निकामी होण्याचे प्रसंगही येतात, परंतु चांगल्या डिस्कवरील माहिती दुरुस्तीच्या ओघात पुसली जाण्याचे प्रसंग कमी नसतात.

येथे दुरुस्ती करणाऱ्यास दोष देणे योग्य नव्हे. त्याला यंत्र सुरू करण्याचे पैसे मिळतात आणि ते काम तो प्रामाणिकपणे करतो. आतील निकालपत्रकाचे मोल त्याला ठाऊक नसते. ते सांगण्याचे काम शिक्षकाचे आहे. पुष्कळांची समजूत असते की ‘सी’ ड्राईव्ह म्हणजे केवळ विंडोजची जागा. आपल्या फाईली तेथे नाहीत. वस्तुतः डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक फाईल, तसेच डॉक्युमेंट्स आणि डाऊनलोड्स या फोल्डरांतील सारे काही, सामान्यतः सी ड्राईव्हवरच असते. ‘डी ड्राईव्हला हात लावणार नाही’ या आश्वासनाने म्हणूनच निश्चिंत होऊ नये.

विंडोज सुरू होत नाही याचा अर्थ फाईली गेल्या असा होत नाही. दिवाणखान्याचे कुलूप बिघडले म्हणून आतील सामान नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. हार्ड डिस्क पेटीतून काढून एका लहानशा जोडणीने दुसऱ्या संगणकास यूएसबीद्वारा लावता येते आणि फाईली उतरवून घेता येतात. डिस्क काढावयाची नसेल तर पेनड्राईव्हवरून चालणारी उबुंटूसारखी लिनक्स प्रणाली सुरू करूनही हेच साधते. हे काम कोणत्याही जाणकारास तासा-दोन तासांत जमते. यास्तव दुरुस्तीस यंत्र देताना एकच वाक्य बोलावे आणि शक्य तर कागदावर लिहून द्यावे : ‘आधी सर्व फाईली दुसरीकडे उतरवाव्या, त्या उघडून दाखवाव्या, मगच पुढील काम करावे.’

अलीकडच्या लॅपटॉपबाबत एक सावधगिरी सांगणे आवश्यक आहे. विंडोज ११ असलेल्या अनेक यंत्रांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच डिस्क आपोआप कूटबद्ध होते. अशी डिस्क दुसऱ्या यंत्राला लावली तरी ४८ अंकी किल्लीवाचून वाचता येत नाही. ही किल्ली त्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जतन झालेली असते. लॅपटॉप चालू असतानाच ती शोधून कागदावर उतरवावी आणि मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवावी. खाते कोणाच्या नावे उघडले होते हेच कोणाला आठवत नाही, अशी वेळ आल्यावर उपाय उरत नाही.

आता नित्याचे बिघाड पाहू. संगणकाच्या भाषेत न शिरताही शिक्षकाला चार अवस्था ओळखता आल्या तर पुष्कळ खर्च आणि त्याहून अधिक मनस्ताप वाचतो.

पहिली अवस्था, यंत्रात जीवच नाही. दिवा लागत नाही, पंखा फिरत नाही. अशा वेळी आधी विजेचा मार्ग तपासावा : भिंतीवरील बटण, एक्स्टेन्शन बोर्ड, यूपीएस, मग पेटीमागील तार. दुसऱ्या खोलीतील चालू संगणकाची तार आणून लावून पाहिली की निम्मा प्रश्न सुटतो. यूपीएसची बॅटरी दोन-तीन वर्षांत क्षीण होते. पुष्कळ शाळांत यूपीएस शोभेपुरता उरलेला असतो आणि वीज जाताच यंत्र तत्काळ बंद पडते. चालू संगणकाची वीज अशी वारंवार खंडित होणे फाईलींना घातक असते, कारण फाईल लिहिली जात असतानाच वीज गेली तर ती अर्धवट राहते. अर्थिंग नसलेल्या खोलीत संगणक ठेवणे हेही तितकेच अयोग्य. पेटीला हात लावताच मुंग्या येत असतील तर प्रथम वायरमनला बोलवावे, संगणकवाल्यास नंतर.

दुसरी अवस्था, पंखा फिरतो पण पडदा काळाच. मॉनिटरची तार सैल आहे काय ते पाहावे. ती घट्ट असेल आणि पेटीतून बीप-बीप असा आवाज येत असेल, तर बहुधा रॅमची पट्टी खाचेत नीट बसलेली नसते किंवा तिच्या सोनेरी टोकांवर मळ साचलेला असतो. पावसाळ्यानंतर आणि धुळीच्या गावांत हे फार घडते. वीजपुरवठा पूर्ण बंद करून, तार काढून, पट्टी बाहेर काढावी, साध्या खोडरबराने टोके हलकेच पुसावी आणि ‘टक्’ असा आवाज येईपर्यंत पुन्हा बसवावी. शाळेत खोडरबरांना तोटा नसतो. ज्यांना पेटी उघडण्याचे धैर्य होत नाही त्यांनी हे दुरुस्ती करणाऱ्याकडून करवून घ्यावे, परंतु ‘मदरबोर्ड गेला’ हे निदान मान्य करण्यापूर्वी एवढे करून पाहण्यास अवश्य सांगावे.

तिसरी अवस्था पुष्कळांना चमत्कारिक वाटते. संगणक सुरू होतो, परंतु रोज सकाळी घड्याळ जुनीच तारीख दाखवते आणि इंटरनेटवरील संकेतस्थळे उघडण्यास नकार देतात. याचे कारण बहुधा मदरबोर्डवरील तीन व्होल्टचा नाण्याच्या आकाराचा सेल संपलेला असतो. त्याचा क्रमांक सीआर २०३२. घड्याळाच्या दुकानातही मिळतो आणि त्याची किंमत अगदी किरकोळ असते. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळांची प्रमाणपत्रे मुदतीबाहेरची भासतात आणि यूडायस किंवा शालार्थसारखी प्रणाली उघडेनाशी होते. शेवटच्या तारखेच्या दिवशी ‘साईट बंद आहे’ म्हणून हताश होण्यापूर्वी खालच्या कोपऱ्यातील दिनांकाकडे एक दृष्टिक्षेप टाकावा.

चौथी अवस्था गंभीर होय. संगणक अतिशय मंद झाला आहे, फाईल उघडताना अडखळतो आणि पेटीतून टक-टक किंवा घरघर असा नियमित आवाज येतो. फिरत्या तबकडीची हार्ड डिस्क झिजत चालल्याची ही खूण आहे. तबकडी मिनिटाला ५,४०० किंवा ७,२०० फेरे घेते आणि तिच्यावरून वाचनशीर्ष केसाहूनही कमी अंतरावर तरंगत असते. ते शीर्ष तबकडीस घासू लागले की प्रत्येक क्षणाला हानी वाढते. अशा वेळी तपासणीचे प्रोग्राम चालवणे, व्हायरस शोधणे, पुन्हा पुन्हा यंत्र सुरू करून पाहणे हे सारे अपायकारक. डिस्क अजून वाचली जात असेल तर सर्वांत मोलाच्या फाईली आधी उतरवाव्या, छायाचित्रे नंतर. वाचली जात नसेल तर यंत्र बंद करावे आणि तिच्यातील माहिती किती आवश्यक आहे याचा शांतपणे विचार करावा. तज्ज्ञांकडून तबकडीवरील माहिती परत मिळवणे हे शाळेला परवडेल असे काम नव्हे. नव्या यंत्रांतील एसएसडी आवाज करीत नाही. ती आदल्या दिवशी चालते आणि दुसऱ्या दिवशी चालत नाही. वेग वाढला, पण पूर्वसूचना गेली.

बिघाड नसतानाही फाईल जाते, ती हाताच्या चुकीने. फाईल पुसली असता संगणक तिचा मजकूर लगेच नष्ट करीत नाही. ग्रंथालयातील सूचिपत्र फाडले तरी पुस्तक मांडणीवर राहते, तसेच येथे होते. ती जागा मात्र आता मोकळी समजली जाते आणि पुढील फाईल तेथे लिहिली जाऊ शकते. म्हणून चूक ध्यानी येताच त्या डिस्कवर काहीही नवे लिहू नये, नवा प्रोग्रामही तेथे बसवू नये. रिसायकल बिन पाहावी. पेनड्राईव्हवरून पुसलेली फाईल मात्र त्या बिनमध्ये जात नाही, आणि एसएसडीवर पुसलेली जागा यंत्र स्वतःच लवकर साफ करते, त्यामुळे तेथे आशा कमी. वर्ड आणि एक्सेल हे प्रोग्राम मूळ मांडणीत दर दहा मिनिटांनी कामाची तात्पुरती प्रत ठेवतात. वीज गेल्यावर प्रोग्राम पुन्हा उघडताच डाव्या बाजूस ती प्रत दिसते. अनेक जण घाईने ती खिडकी बंद करतात. तसे करू नये.

पेनड्राईव्हविषयी थोडे बोलणे भाग आहे. शाळा, सायबर कॅफे, केंद्रप्रमुखांचे कार्यालय आणि झेरॉक्सचे दुकान असा तिचा नित्य प्रवास चालतो. फाईलींच्या जागी एकाएकी शॉर्टकट दिसू लागले तर घाबरून पेनड्राईव्ह फॉरमॅट करू नये. या प्रकारच्या व्हायरसमध्ये मूळ फाईली बहुधा लपवलेल्या असतात. विंडोजच्या व्ह्यू या विभागात लपलेल्या व संरक्षित फाईली दाखवण्याची सोय आहे. ती सुरू करताच त्या पुन्हा दिसतात. त्या शॉर्टकटवर मात्र क्लिक करू नये.

याहून भयंकर प्रकार खंडणीखोर व्हायरसचा. १२ मे २०१७ रोजी वॉनाक्राय नावाचा असा व्हायरस दीडशेहून अधिक देशांत पसरला. त्याने फाईली कुलूपबंद करून सुटकेसाठी पैसे मागितले. ज्या त्रुटीतून तो शिरला तिच्यावरील दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षीच्या मार्चमध्ये दिली होती; ज्यांनी ती घेतली नव्हती त्यांचीच यंत्रे सापडली. विंडोज ७ ला अशा दुरुस्त्या मिळणे १४ जानेवारी २०२० रोजी थांबले आणि विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अनेक शाळांतील यंत्रे जुनी असल्याने त्यांवर विंडोज ११ चढत नाही. अशी यंत्रे लगेच टाकून द्यावी असे नाही, परंतु त्यांवर विद्यार्थ्यांच्या आधार क्रमांकांची यादी ठेवून ती सदैव इंटरनेटला जोडून ठेवणे शहाणपणाचे नाही.

येथवर बिघाडाचे झाले. खरा प्रश्न जतनाचा आहे आणि त्याविषयीचा एक प्रसंग प्रसिद्ध आहे.

अमेरिकेतील पिक्सार ही संगणकावर चित्रपट निर्माण करणारी संस्था. १९९८ मध्ये तेथे ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाचे काम चालू असताना कोणीतरी चुकीची आज्ञा दिली आणि चित्रपटाच्या फाईली एकामागून एक नाहीशा होऊ लागल्या. पाहता पाहता बहुतांश काम गेले. संस्थेकडे बॅकअपची व्यवस्था होती, यंत्रे होती, त्यांवर देखरेख करणारी माणसेही होती. परंतु तो बॅकअप काढून पाहिला तेव्हा समजले की तो काही काळापासून नीट घेतलाच जात नव्हता आणि ही गोष्ट कोणाच्याही लक्षात आली नव्हती. गॅलिन सुसमन या तंत्रदिग्दर्शिका बाळंतपणानंतर घरून काम करीत असत. त्यासाठी त्यांच्या घरच्या संगणकावर चित्रपटाची प्रत वेळोवेळी उतरवली जाई. तो संगणक कांबळ्यांत गुंडाळून मोटारीतून जपून आणण्यात आला आणि चित्रपट वाचला. पुढे कथाच नव्याने रचली गेल्यामुळे त्या वाचवलेल्या कामातील पुष्कळसे वापरले गेले नाही, ही गोष्ट निराळी!

जगातील अग्रगण्य संगणक-कलावंतांची ही स्थिती, तर सहा खोल्यांच्या शाळेने संकोच बाळगण्याचे कारण नाही. मात्र या प्रसंगात दोन गोष्टी दडलेल्या आहेत. उपयोगी पडलेली प्रत इमारतीबाहेर होती, आणि जी प्रत कधी उघडून पाहिली नव्हती ती प्रत नव्हतीच.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकारांनी छायाचित्रांच्या जतनासाठी ‘तीन-दोन-एक’ असा नियम प्रचारात आणला आणि तो आता संगणक-क्षेत्रात सर्वमान्य झाला आहे. प्रत्येक फाईलीच्या तीन प्रती, दोन निरनिराळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक अन्य ठिकाणी. शाळेच्या व्यवहारात याचा अर्थ सोपा आहे. एक प्रत कामाच्या संगणकात. दुसरी बाह्य हार्ड डिस्कवर, जी दर शनिवारी जोडून, फाईली उतरवून, पुन्हा काढून मुख्याध्यापकांच्या कपाटात कुलपात ठेवायची. ती सतत जोडलेली ठेवल्यास वीज, व्हायरस आणि चोर हे तिघेही दोन्ही प्रतींना एकदमच गाठतात. तिसरी प्रत इमारतीबाहेर : इंटरनेटवरील गूगल ड्राईव्हसारख्या जागेत, नेट नसेल तेथे संस्थेच्या दुसऱ्या शाखेत.

इमारतीबाहेरची प्रत ही चैन नव्हे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण पाण्याखाली गेले. तळमजल्यावरील कार्यालयात शिरणारे पाणी टेबलावरील संगणक आणि शेजारच्या कपाटातील डिस्क यांत भेद करीत नाही. नदीकाठच्या शाळांनी निदान जूनच्या आरंभी कार्यालयाची यंत्रे आणि जनरल रजिस्टर दोन्ही वरच्या मजल्यावर न्यावी.

‘एवढी जागा कोठून आणावी?’ असा प्रश्न नेहमी येतो. त्याचे उत्तर आकड्यांत शोधले तर आश्चर्य वाटते. एका वर्गाचे निकालपत्रक एक्सेलमध्ये काहीशे किलोबाइटचे असते. संपूर्ण शाळेची अनेक वर्षांची निकालपत्रके, हजेरी, पगारपत्रके आणि पत्रव्यवहार मिळून एका लहान पेनड्राईव्हचा कोपराही भरत नाही. जागा व्यापतात ती स्नेहसंमेलनाची आणि सहलीची चित्रे. म्हणून प्रारंभीच दोन फोल्डर करावे, एक ‘दप्तर’ आणि दुसरे ‘छायाचित्रे’. दप्तराची प्रत दर आठवड्यास आणि निकालाच्या दिवसांत रोज घ्यावी. छायाचित्रांची सहामाहीस घेतली तरी चालेल. दप्तर डेस्कटॉपवर विखुरलेले नसावे. ‘निकाल’, ‘निकाल नवा’, ‘निकाल नवा अंतिम’, ‘अंतिम २’ ही नावे कोणाच्या परिचयाची नाहीत? त्याऐवजी नावातच वर्ष, महिना, दिवस, इयत्ता आणि तुकडी लिहावी. फाईली आपोआप क्रमाने लागतात आणि सहा वर्षांनी आलेल्या शिक्षकालाही त्या समजतात.

पेनड्राईव्हला बॅकअप समजण्याची चूक करू नये. ती वाहतुकीची वस्तू आहे. सीडीचेही तेच, घरी लिहिलेल्या सीडीवरील रंगद्रव्याचा थर उष्णतेने व उजेडाने खराब होतो. २००० च्या दशकात सीडीवर लिहून कपाटात ठेवलेले स्नेहसंमेलन अद्याप उतरवून घेतलेले नसेल, तर ते काम या सुटीत करावे. पुष्कळ नव्या संगणकांत सीडी घालण्याची खाचही उरलेली नाही.

व्हॉट्सॲपच्या गटात पाठवलेली फाईल सुरक्षित आहे असे मानणेही धोक्याचे. चित्र म्हणून पाठवलेल्या छायाचित्राचा दर्जा तेथे घटतो, आणि वेळीच उतरवून न घेतलेली जुनी फाईल काही काळाने उघडत नाही. गूगल ड्राईव्ह त्याहून बरा. व्यक्तिगत खात्यात १५ गीगाबाइट जागा विनामूल्य मिळते आणि दप्तरासाठी ती विपुल आहे. परंतु संगणकाशी जुळवून ठेवलेल्या फोल्डरमधील फाईल एका ठिकाणी पुसली की दुसरीकडूनही पुसली जाते. ती ड्राईव्हच्या कचरापेटीत ३० दिवस राहते, मग कायमची जाते. जुळवणी म्हणजे जतन नव्हे. म्हणूनच कपाटातील डिस्कला पर्याय नाही.

त्यातही एक अडचण शाळांत हमखास आढळते. शाळेचा ई-मेल एखाद्या उत्साही शिक्षकाने स्वतःच्या मोबाईल क्रमांकावर उघडलेला असतो. शिक्षकाची बदली होते किंवा ते सेवानिवृत्त होतात, क्रमांक बदलतो आणि ओटीपी कोणाकडे जातो ते कळत नाही. दोन वर्षे न वापरलेले व्यक्तिगत गूगल खाते आतील मजकुरासह रद्द होऊ शकते, असे धोरण गूगलने २०२३ मध्ये जाहीर केले. चार्जपट्टीत टेबल, खुर्ची आणि घंटा यांची नोंद होते, त्याप्रमाणे खात्याचे नाव, परवलीचा शब्द आणि जोडलेला क्रमांक यांचीही नोंद व्हावी. हा कागद पाकिटात बंद करून, त्यावर सही करून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यावा. त्या क्रमांकाचे सिमकार्ड शाळेच्या नावे असेल तर अधिक चांगले.

आता मराठी शाळांच्या एका खास दुखण्याकडे वळू. इंग्रजी शाळांना ते ठाऊक नाही. १९९० च्या दशकापासून श्रीलिपी, आकृती, कृतिदेव अशा फाँटमध्ये मराठी टंकलेखन होत आले. या पद्धतीत संगणक मनातल्या मनात रोमन अक्षरेच साठवतो. फाँट त्यांना देवनागरीचा पोशाख चढवतो. फाँट असलेल्या यंत्रावर सारे शुद्ध मराठी दिसते. यंत्र बदलले, फाँट राहिला, की त्याच फाईलीत रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा अगम्य गोंधळ दिसतो. बॅकअप उत्तम घेतलेला असतो, फाईल उघडतेही, पण वाचता येत नाही. अशी फाईल बिघडलेली समजून पुसून टाकली जाते, हे दुर्दैव.

युनिकोड या जागतिक संकेतप्रणालीत १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरीला स्वतंत्र स्थान आहे. त्यात ‘क’ हा ‘क’ म्हणूनच साठवला जातो, म्हणून तो कोणत्याही संगणकावर किंवा मोबाईलवर वाचता येतो, शोधता येतो आणि एक्सेलमध्ये अकारविल्हे लावता येतो. नवे सारे काम युनिकोडमध्येच करावे याबद्दल दुमत नसावे. जुन्या फाईलींबाबत तीन गोष्टी कराव्या. जुन्या यंत्रातून फाँटची फाईल उतरवून बॅकअपसोबत ठेवावी. ते यंत्र चालू आहे तोवर महत्त्वाच्या कागदांच्या पीडीएफ प्रती काढाव्या, म्हणजे दिसते तसे रूप कायम राहते. आणि मग रूपांतर करणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. या रूपांतरात रफार, ऱ्हस्व वेलांटी आणि जोडाक्षरे घसरतात. ‘सूर्यवंशी’ आणि ‘कुऱ्हाडे’ यांसारखी आडनावे विशेष तपासावी लागतात. रूपांतरित यादी दोघांनी मिळून जनरल रजिस्टरशी ताडून पाहावी, एकाने वाचावे, दुसऱ्याने खूण करावी. काम कंटाळवाणे आहे, पण दाखल्यावर चुकलेली एक वेलांटी सुधारण्यासाठी पालकाला किती हेलपाटे घालावे लागतात, हे येथे बसलेल्यांपैकी कोणास सांगावयास नको.

प्रती वाढल्या की माहिती फुटण्याचा धोकाही वाढतो. विद्यार्थ्यांचे आधार क्रमांक, बँक खाती आणि पालकांचे उत्पन्न असलेली यादी एसटीच्या आसनावर विसरलेल्या पेनड्राईव्हमध्ये असणे ही साधी गोष्ट नव्हे. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीबाबत अधिक दक्षता अपेक्षिली आहे. एक्सेलमध्ये फाईल उघडण्यासाठीच परवलीचा शब्द लावण्याची सोय आहे. अशा याद्यांना ती अवश्य वापरावी. तो शब्द विसरल्यास फाईल गेल्यातच जमा, म्हणून त्याचीही नोंद पूर्वी सांगितलेल्या पाकिटात असावी.

जुना संगणक निर्लेखित करून भंगारात देताना हीच काळजी उलट दिशेने घ्यावी लागते. फाईली पुसल्या म्हणजे डिस्क कोरी झाली असे होत नाही, हे वर आलेच आहे. एक तर डिस्क काढून शाळेतच ठेवावी, किंवा संपूर्ण डिस्कवर नव्याने लिहून ती पुसावी. तबकडीची डिस्क असेल तर तिच्यातून ड्रिलने आरपार छिद्र पाडावे. त्यास लोहाराकडे पाच मिनिटे लागतात.

शेवटी एका दिवसाची निश्चिती. शाळा उघडण्यापूर्वीच्या आठवड्यात, विद्यार्थी यावयाचे असतात तेव्हा, कार्यालयात तासभर निवांत मिळतो. त्या दिवशी कपाटातील डिस्क बाहेर काढावी आणि जिच्यावर ती कधी जोडली गेलेली नाही अशा यंत्रास, शक्य तर शेजारच्या शाळेतील यंत्रास लावावी. गतवर्षीचे कोणतेही एक निकालपत्रक उघडावे, त्यातील एका विद्यार्थ्याचे नाव, जन्मतारीख आणि गुण रजिस्टरशी पडताळावे. जुळले तर डिस्कवर चिकटवलेल्या कागदावर दिनांक घालून मुख्याध्यापकांनी सही करावी. न जुळले किंवा फाईल उघडलीच नाही, तर गतवर्षीचा संगणक अद्याप चालू असेल. त्याच दुपारी त्यावरून नवी प्रत घ्यावी.